न बसवता वापरून पहा

माल्का रेका, १६ जानेवारी २०१२

प्रिय नायदेन,

तुझ्या आईकडून तुझा परदेशातला, ब्र्नोचा पत्ता घेतला. ती म्हणाली, "अगं वेलिका, फोन कर की सरळ! पत्रं कोण लिहितं आता?" पण फोनवर तू सांगशील आणि फोन ठेवला की मी विसरेन. मला कागदावर हवंय. यंत्रासमोर बसून, एकेक ओळ वाचत करता येईल असं.

माझ्या यावोरचा तो छोटा लॅपटॉप. तूच त्याला घ्यायला लावला होतास. गाडीत मागच्या सीटवर होता, माझ्या लोकरी शालीत गुंडाळलेला. पोलिसांनी परत दिला तेव्हा त्यावर साधा ओरखडाही नव्हता. गाडीचा चेंदामेंदा, आणि हा जसाच्या तसा. दोन वर्षं मी त्याला हात लावला नाही. नाताळानंतर एके दिवशी हिय्या करून बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला, कुणीतरी तोंड मिटून श्वास घ्यावा तसा, आणि पडदा काळाच राहिला. वर एक पांढरी रेघ लुकलुकते. सिस्टीम सापडत नाही, असं लिहून येतं.

मला त्यातले त्याचे फोटो हवे आहेत. पाच मार्चला दोन वर्षं होतील. दारावर आणि चौकातल्या खांबावर लावायचं स्मृतिपत्रक छापून घ्यायचंय. मागच्या वेळी ओळखपत्रावरचा फोटो दिला होता. वर्षभर मी घरात शिरताना माझ्याच दारावरून एक परका, घाबरलेला मुलगा माझ्याकडे बघत होता. या वेळी हसणारा हवा.

स्मोल्यानच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. म्हणाला, "ठेवून जा, आठवड्याने ये." मी काखेत मारून परत आणला. परका माणूस त्यात काय काय उघडून बघत बसेल! त्याच्या बायकोने सांगितलं की नवी सिस्टीम सीडीवरून घालतात. पण याला सीडी घालायला जागाच नाही रे. मी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

तू अंत्यविधीला आला नाहीस, ते मी मनात धरलेलं नाही. खिंड बंद होती, मला माहीत आहे.

वेलिकामावशी

*

ब्र्नो, २९ जानेवारी २०१२

प्रिय वेलिकामावशी,

पत्र मिळालं. उशिराबद्दल माफ करा, दुकानात काम फार आहे.

या लहान लॅपटॉपना सीडीची जागा नसतेच. त्यांची सिस्टीम पेनड्राइव्हवरून बसवतात. सोबत एक पाठवतोय, पुठ्ठ्यात चिकटवलाय. त्यावर मोफत मिळणारी सिस्टीम घातली आहे, भाषा बल्गेरियनच ठेवली आहे.

लॅपटॉप बंद असताना पेनड्राइव्ह डाव्या बाजूच्या फटीत घाला. बटण दाबलं की लगेच वरच्या ओळीतली, मी कागदावर गोल करून दाखवलेली कळ टकटक दाबत राहा. यादी येईल. त्यात पेनड्राइव्हचं नाव निवडा. मग एक रंगीत पान येईल. तिथे "बसवा" वर जा. पुढे विचारेल, "पूर्ण डिस्क पुसून बसवायची का?" हो म्हणा. बाकी ते स्वतःच करतं. चार्जर लावलेला असू द्या.

फोटोंचं मात्र अवघड आहे, मावशी. तुम्ही लिहिलंय त्यावरून धक्क्याने डिस्क गेली आहे. आतलं काही वाचणार नाही. उगाच आशा लावून घेऊ नका. माझ्याकडे २००८ मधला एक आहे, धरणावरचा, तो पाठवतोय. त्यात तो हसतोय.

दुरुस्तीवाल्याला दिला नाहीत हे बरं केलंत. कुणालाच देऊ नका.

तुमचा नायदेन

*

माल्का रेका, ९ फेब्रुवारी २०१२

प्रिय नायदेन,

फोटो मी स्वयंपाकघरात खिडकीशी धरून बघितला. त्याच्या खांद्यावर हात आहे तो तुझा ना? छापखान्यातली बाई म्हणाली, हात कापून टाकते. मी म्हटलं, राहू दे.

आता लॅपटॉपचं. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसले, हजार भोकांत हजार पिना खोचल्या, तेव्हा तुझा पेनड्राइव्ह बरोबर बसला. कळ मात्र आधी चुकीची दाबली. एक निळं पान आलं. त्यावर तारीख होती १ जानेवारी २००२. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. यंत्राच्या मते यावोर अठरा वर्षांचा आहे. तुम्ही दोघं माझ्या ओट्यापाशी उभे आहात, तव्यावरचा बटाट्याचा पातातनिक तसाच चटके घेत खाताय, आणि मी ओरडतेय, "अरे ताटं कशाला ठेवलीत मग!" मी ते पान बराच वेळ बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसले. या वेळी रंगीत पान आलं. पण नायदेन, तिथे दोन चौकोन आहेत. उजवीकडे "बसवा". डावीकडे "न बसवता वापरून पहा". तुझ्या पत्रात डाव्याबद्दल एक अक्षर नाही. खाली बारीक लिहिलंय की यात संगणकातलं काहीही बदलणार नाही. मग आधी तेच बघू का? मी काही दाबलं नाही. पेनड्राइव्ह काढला आणि बंद केला. तू सांग.

लॅपटॉप त्याच्याच टेबलावर आहे. पंखा चालू असला की त्याच्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. मी दोनदा दारात जाऊन "जेवायला चल" म्हणणार होते.

वेलिकामावशी

*

ब्र्नो, १८ फेब्रुवारी २०१२

प्रिय मावशी,

डावा चौकोन आपल्या कामाचा नाही. तो दुकानदारांसाठी असतो, गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला. त्याने काही मिळणार नाही, उलट डिस्कवर ताण पडेल.

सरळ "बसवा". मग "पूर्ण डिस्क पुसून". एकदाच काय तो त्रास होईल आणि नंतर तुम्हाला बरं वाटेल. जुनं आत ठेवून नवं नीट चालत नाही.

झालं की एक ओळ लिहा.

नायदेन

*

माल्का रेका, २७ फेब्रुवारी २०१२

प्रिय नायदेन,

अजून केलं नाही. रागावू नकोस. पाच तारीख होऊ दे, मग सात-आठला करते. त्याच्या दिवसाआधी त्याचं काही पुसायला हात होत नाही.

तुझं पत्र इतकं तुटक होतं की मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. मग वाटलं, नाही, त्यालाही हे सोसत नसणार. म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. सांगितलं की कदाचित माझा हात उचलेल.

त्या शुक्रवारी त्याला मी पाठवलं. माझा चष्मा स्मोल्यानला तयार होऊन पडला होता. तो सकाळी म्हणाला, "आई, रस्त्यावर काच झालीय बर्फाची, सोमवारी आणतो की." मी म्हणाले, "सोमवारपर्यंत मी काय आंधळ्यासारखी भिंती चाचपू? तुझे वडील असते तर चालत गेले असते." असं बोलले मी. तो हसला, मनगटावरचा मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा बाहीत सारला आणि किल्ल्या घेतल्या. दर शुक्रवारसारखा लॅपटॉपही घेतला, तिथल्या वाचनालयात इंटरनेट असतं म्हणून.

सगळे म्हणतात, खिंडीतला बर्फ. पाद्रीही तेच म्हणाले. मी मान हलवते. पण चष्मा मीच मागितला होता. पुढे तो पोस्टाने आला. आत्ता तुला लिहितेय तेही त्यातूनच दिसतंय.

तीन दिवसांनी मार्च लागेल. तुझ्यासाठी मार्तेनित्सा घातलाय पाकिटात. तिकडे कुणी बांधत नसेल.

वेलिकामावशी

*

ब्र्नो, ६ मार्च २०१२

वेलिकामावशी,

काही पुसू नका. हे पत्र वाचेपर्यंत पुसलं असेल तर मला माफी मागायलाही तोंड नाही.

तुमचं पत्र काल आलं. पाच मार्चला. दुकानाच्या काउंटरवर उभ्याने वाचलं आणि मालकाला न सांगता बाहेर पडलो.

मी तुमच्याशी खोटं बोललो. डिस्क गेलेली नाही, बहुतेक फक्त सिस्टीम बिघडलीय. डावा चौकोन दुकानदारांसाठी नसतो. तो दाबला तर नवी सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालते, आणि आतलं सगळं जसंच्या तसं उघडून बघता येतं. फोटो, पत्रं, सगळं. म्हणूनच तुम्हाला त्यापासून लांब ठेवत होतो.

यावोर माझी पत्रं एका फोल्डरमध्ये जपायचा. त्यात शेवटचं असेल, पंचवीस फेब्रुवारीचं. मी त्याच्यासाठी इथे काम बघितलं होतं, खोली बघितली होती. तो वर्षभर "येतो, येतो" म्हणत होता. शेवटी मी लिहिलं, "शुक्रवारी, पाच मार्चला, दुपारी स्मोल्यानहून बस आहे. तुझी जागा धरलीय. त्यात नसलास तर मला पुन्हा लिहू नकोस. आईच्या पदराखाली बस म्हातारा होईपर्यंत." हे शब्द माझे आहेत. मला पाठ आहेत.

शुक्रवारी तो त्या रस्त्यावर होता. मला कळलं तेव्हा मी समजलो की तो बसला निघाला होता. खिंड बंद होती म्हणून नाही, मावशी, मी तुमच्यासमोर उभा राहू शकलो नसतो म्हणून आलो नाही. जानेवारीत तुम्ही लिहिलंत की लॅपटॉपही गाडीत होता, तेव्हा उरलीसुरली शंका गेली. तुम्ही म्हणता वाचनालयासाठी; मी म्हणतो, तो कायमचा निघाला होता.

आणि मी ठरवलं की ते पत्र कुणी वाचू नये. तुमच्याच हातून पुसायला लावणार होतो. त्यासाठी पेनड्राइव्ह तयार केला, कळीभोवती गोल काढला.

तुम्ही दोन वर्षं स्वतःला दोष देत होतात आणि मी गप्प बसलो. चष्म्याने नाही झालं. माझ्याने झालं.

मार्तेनित्सा बांधलेला नाही. पाकिटातच आहे.

नायदेन

*

माल्का रेका, २१ मार्च २०१२

नायदेन,

पुसलं नव्हतं. सात तारखेला "पूर्ण डिस्क पुसून" पर्यंत गेले होते. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, नाही बाबा. आणि बंद केलं.

तुझं पत्र चौदाला आलं. खरं सांगते, वाचल्यावर मला सगळ्यात आधी हलकं वाटलं. तुझा राग नाही आला, रडूही नाही. वाटलं, मी नाही, तो. नायदेनने केलं. मी उठले, दोन अंडी तळली, पाव घेतला आणि उभ्या उभ्या खाल्लं. दोन वर्षांत एवढी भूक लागली नव्हती. घास संपल्यावर माझी मलाच शिसारी आली.

मग संध्याकाळी भांडी घासताना आठवलं की गाडीत बॅग नव्हती. पोलिसांनी यादी दिली होती, मी सही केली होती. शाल, लॅपटॉप, थर्मास, चष्म्याच्या दुकानाची पावती. परदेशी निघालेला माणूस एक सदराही नेत नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी डावा चौकोन दाबला.

ते उघडलं, नायदेन. त्याच्या नावाचं फोल्डर, आत फोटो, गाणी, कर्दझालीच्या कुठल्यातरी मुलीचे बारा फोटो, मला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. आणि "नायदेन" नावाचं फोल्डर. एक्सचेंजमध्ये कान लावून बसलं की अर्ध्या गावाची लफडी कळली असती. बाकीच्या बायका ऐकायच्या. मी एकतीस वर्षांत एकदाही कुणाचं बोलणं ऐकलं नाही. त्या फोल्डरसमोर मी जेवणाच्या वेळेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. मग उघडलं.

तुझं पत्र आहे. तू लिहिलंस तसंच आहे, एक शब्द इकडे तिकडे नाही. पण त्याच्या खाली आणखी एक आहे. पाच मार्च, सकाळी सात चाळीस. घरी इंटरनेट नाही म्हणून तो इथे लिहून ठेवायचा आणि वाचनालयातून पाठवायचा, तुला माहीत आहे. हे पाठवायचं राहिलं. मी अक्षर न् अक्षर उतरवून काढलंय.

"नायद्या, तुझी बस तू पाठव, मी तिच्यात नसेन. आणि धमक्या देऊ नकोस, तुझ्या धमक्यांना मी तिसरीत घाबरायचो. यायचं नाही असं नाही. येणार आहे. पण आईला अजून सांगितलेलं नाही. रोज जेवताना ठरवतो आणि सूप संपून जातं. आज तिचा चष्मा आणायला चाललोय, सकाळपासून डोकं खाल्लंय तिने. चष्मा आला की तुझं हे पत्रच तिच्यापुढे ठेवतो. वाचू दे तिला स्वतः. पदराखाली वगैरे वाचून तुझ्यावर अशी भडकेल की मी मधल्यामध्ये सुटेन. ईस्टर घरी करतो आणि येतो. खिडकीची जागा बघ, गाढवा."

म्हणजे तुझ्यामुळे त्याने गाडी काढली नव्हती. तो माझ्या कामाला निघाला होता, मी म्हणत होते तसाच.

हे तुला कळवायचं की नाही, यावर मी सहा दिवस घालवले. नसतं कळवलं तर अर्धं ओझं तू उचललं असतंस, आयुष्यभर, आणि तुला पत्ताही लागला नसता. मी पत्रसुद्धा लिहून काढलं होतं, "काही सापडलं नाही, सगळं पुसलं" असं. पाकिटात घातलं. पण चौकात गेले तर खांबावर तो फोटो. तो हसतोय आणि तुझा हात त्याच्या खांद्यावर. पाकीट तसंच घरी आणून चुलीत टाकलं.

तू माझ्याच हातून त्याला पुसून घेणार होतास, हे मी विसरणार नाही. ते मला येत नाही. पण हे तुझं पत्र आहे. तुला आलेलं. ते तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम होतं.

वेलिका

*

ब्र्नो, २ एप्रिल २०१२

वेलिकामावशी,

चार कागद फाडले.

खिडकीची जागाच धरली होती मी.

फोटो आणि पत्रं आधी दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, त्याची कृती मागच्या कागदावर आहे. मग लॅपटॉप वापरायचा असेल तर काहीही पुसायची गरज नाही. "बसवा" दाबल्यावर पुढच्या पानावर पहिलाच पर्याय असतो, "जुन्या सिस्टीमच्या शेजारी बसवा". तो मी तुम्हाला सांगितला नव्हता. जुनं आत ठेवून नवं नीट चालतं. मी खोटं लिहिलं होतं.

ईस्टरला येतोय. शनिवारी दुपारच्या बसने. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मला कळेल, मी आईकडे जाईन.

नायदेन

*

माल्का रेका, २५ एप्रिल २०१२

नायदेन,

पोचलास हे तुझ्या आईने सांगितलं. तू दारात उभा राहून "मावशी, आत येऊ?" म्हणालास तेव्हा मला हसूच आलं. हे घर तू खिडकीतून चढून ये-जा करत वापरलेलं. पण मी हसले नाही आणि "ये" सुद्धा म्हणायला वेळ लावला. तेवढं तुला सोसायला हवं होतं.

थडग्यापाशी तू त्याच्याशी काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम लांब उभी होते. नंतर ईस्टरचं लाल अंडं सोलताना तू रडलास, तेव्हा मी तुला मीठ पुढे केलं. तू घरात असताना मी लॅपटॉप बाहेर काढला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तूही मागितला नाहीस. बरं केलंस. ते मला एकटीला करायचं होतं.

बुधवारी सकाळी केलं. फोटो आधी उतरवून घेतले, दोनदा. मग "जुन्या सिस्टीमच्या शेजारी". त्याने मला नाव विचारलं. मी माझं लिहिलं. परवलीचा शब्द काय ठेवला ते कुणाला सांगणार नाही. पाऊण तास पंखा फिरत होता. मी तिथेच लोकर घेऊन बसले. पहिल्यांदाच असं झालं की तो आवाज ऐकून मी दाराकडे बघितलं नाही.

आता चालतो. हवामान बघते, वर्तमानपत्र वाचते. शेजारच्या स्तानकाने तिच्या पोस्टातल्या भाचीकडून इंटरनेटचं काहीतरी जोडून दिलंय.

एकच सांगायचं राहिलं. बटण दाबलं की आता एक काळं पान येतं. त्यावर दोन ओळी. वर नवी सिस्टीम, खाली त्याची जुनी. कुठली सुरू करू, असं विचारतं. खालची निवडली तर काही होत नाही, काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ, मी एकदा करून पाहिलं. पण कुणीच काही दाबलं नाही तर ते दहा सेकंद थांबतं. दहा, नऊ, आठ, असे आकडे उतरत जातात. तेवढा वेळ दोन्ही ओळी समोर असतात, आणि दोन्हींतली कुठलीही सुरू होऊ शकते. मग शून्य होतं आणि नवी सुरू होते.

मी काही दाबत नाही. रोज सकाळी दहाही सेकंद बसून राहते.

स्तानकाची भाची म्हणाली, "आजी, हे थांबणं काढून टाकता येतं, मग थेट सुरू होईल." कसं ते तुला माहीत असणारच. मला सांगू नकोस.

वेलिकामावशी